गळ्यावर ठेवलेली तीन बोटं

"डॉक्टर, मला झोप लागायच्या आधी कुणीतरी माझा गळा दाबत होतं का हो?"

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी राउंडला गेले की कधीतरी एखादा पेशंट हे विचारतो. विचारताना जरा ओशाळलेला असतो, कारण आपल्याला भास झाला असेल असंच त्याला वाटत असतं. पण तो भास नसतो. ती बोटं खरी असतात, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरची किंवा टेक्निशियनची, आणि माझ्याच सांगण्यावरून त्यांनी ती गळ्याच्या एका ठरावीक जागी ठेवलेली असतात. याला क्रिकॉइड प्रेशर म्हणतात. ज्यांनी ते रूढ केलं त्यांच्या नावावरून सेलिकची पद्धत असंही म्हणतात. साठहून अधिक वर्षं जगभर हे केलं जातंय, आणि बरीच वर्षं आम्ही भूलतज्ज्ञ आपापसांत त्यावर भांडतोय. यामुळे पेशंटचा जीव वाचतो, की श्वासनलिकेत ट्यूब टाकणं यानेच अवघड होऊन बसतं? हा वाद आमच्या ओटीच्या दाराबाहेर फारसा येत नाही. तो यायला हवा, कारण गळा तुमचा असतो.

आधी जागा शोधू. हनुवटीखालून एक बोट गळ्याच्या मधोमध हळूहळू खाली आणा. पहिला टणक उंचवटा लागेल तो कंठमणी. पुरुषांमध्ये तो ठळक असतो, बायकांमध्ये जरा लपलेला. त्याच्याखाली बोट किंचित आत जातं, तिथे मऊ लागतं. त्या खळग्याच्या लगेच खाली पुन्हा एक कडक, आडवी कड हाताला लागते. तीच क्रिकॉइड कूर्चा. नुसती चाचपा, दाबू नका. आवंढा गिळलात तर ती बोटाखालून वर सरकेल आणि परत जागेवर येईल.

श्वासनलिकेला खालपर्यंत कूर्चेच्या कड्या असतात, पण त्या मागच्या बाजूने उघड्या, घोड्याच्या नालेसारख्या. पूर्ण बंद कडं एकच, ते म्हणजे क्रिकॉइड. हे नाव ग्रीक भाषेतल्या कड्याच्या शब्दावरून आलंय. आकार मात्र खड्याच्या अंगठीसारखा आहे, पुढून बारीक आणि मागे रुंद, जणू अंगठीचा खडा पाठीकडे फिरवून ठेवलाय. या अंगठीच्या मागे घशाचा सगळ्यात खालचा भाग येतो, जिथून पुढे अन्ननलिका सुरू होते, आणि त्याच्याही मागे मानेचे मणके. पुढून अंगठी मागे रेटली की मधला मऊ भाग अंगठी आणि मणका यांच्यात चिमटला जातो. अंगठी स्वतः कडक आणि अखंड असल्यामुळे तिच्या आतली हवेची वाट उघडीच राहते. अन्नाची वाट बंद, हवेची चालू. कल्पना इतकी सोपी आणि सुंदर आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती पटतेच. मलाही पटली होती.

हे सगळं कशासाठी, तर पोटातलं फुप्फुसात जाऊ नये म्हणून. जागेपणी आपल्याकडे दोन पहारे असतात. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा आवळ पोटातलं वर येऊ देत नाही, आणि आलंच तर घसा आणि स्वरयंत्र खोकून, ठसका लावून ते परतवतात. भूल दिली की पहिला पहारा ढिला पडतो आणि दुसरा झोपी जातो. मग पोटात जे असेल ते गुपचूप घशापर्यंत येऊ शकतं आणि तिथून श्वासनलिकेत उतरू शकतं. त्याला उलटीसारखा जोर लागत नाही, उताणं झोपलेल्या माणसात ते नुसतं वाहत येतं. १९४६ साली न्यूयॉर्कमधले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांत ६६ जणींच्या फुप्फुसात भुलेदरम्यान पोटातलं गेलेलं आढळलं. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नाने श्वास कोंडून. मेंडेलसन यांनी पुढे सशांवर प्रयोग करून दाखवलं की जठरातलं आम्ल फुप्फुसाला भाजल्यासारखी इजा करतं, आणि आम्लपणा घालवलेल्या द्रवाने तशी इजा होत नाही.

ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी हलकं खाणं सहा तास आणि पाणी दोन तास बंद ठेवायला सांगतात ते याचसाठी. पण आतडं अडकलेला पेशंट, अपघातात सापडलेला, प्रसूतीच्या कळा देणारी बाई, यांच्यासाठी ही वेळ मोजून उपयोग नसतो. दुखणं, भीती, वेदनाशामक औषधं, सगळ्यांनी जठराची हालचाल मंदावते. सकाळचं जेवण रात्री पोटात तसंच असू शकतं. अशा वेळी आम्ही वेगळ्या पद्धतीने भूल देतो. आधी मास्कने भरपूर ऑक्सिजन, मग शिरेतून झोपेचं औषध, त्याच्या पाठोपाठ लगेच स्नायू शिथिल करणारं औषध, आणि साधारण मिनिटभरात श्वासनलिकेत ट्यूब. ट्यूबच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो आत गेल्यावर फुगवला की फुप्फुसाची वाट वरून येणाऱ्या घाणीसाठी बंद होते. झोप लागल्यापासून तो फुगा फुगेपर्यंतचा मिनिटभर हा खरा धोक्याचा. पहारे झोपलेत आणि दार अजून लागलेलं नाही. क्रिकॉइडवरची बोटं त्या मिनिटाची राखण करायला ठेवलेली असतात.

ब्रायन सेलिक लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. १९६१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ही पद्धत मांडली. तशी ती त्यांच्याही आधीची. बुडालेल्या माणसाला श्वास देताना हवा पोटात जाऊ नये म्हणून गळ्यावर असाच दाब द्यावा, असं एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांचं सांगणं डॉक्टर विल्यम कलन यांनी १७७४ साली एका पत्रात लिहून ठेवलंय. सेलिक यांनी ती भुलेच्या कामी आणली. आधी त्यांनी मृतदेहात जठर पाण्याने भरून, डोकं खाली करून, दाब दिल्यावर पाणी घशात येत नाही हे पाहिलं. मग पोट भरलेलं असण्याचा मोठा धोका असलेल्या २६ पेशंटमध्ये वापर केला. २३ जणांमध्ये दाब असताना किंवा सोडल्यावर काहीच वर आलं नाही. उरलेल्या तिघांमध्ये ट्यूब नीट बसल्यावर बोटं काढली आणि त्याच क्षणी पोटातलं घशात आलं.

त्या तिघांमुळे जगाने ही पद्धत उचलली, आणि का उचलली ते समजतं. बोटं होती तोवर थांबलं, काढली आणि आलं, याहून बोलका पुरावा डोळ्यांना कुठला हवा? पण आज तोच लेख वाचताना काय नाही तेही दिसतं. तुलनेसाठी दुसरा गट नाही. किती जोराने दाबायचं त्याचा आकडा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूब टाकायला या दाबाने किती अडचण झाली, ते मोजलेलं नाही. १९७० साली स्टेप्ट आणि साफर या भूलतज्ज्ञांनी झटपट भूल देण्याची सगळी पद्धत पायरीपायरीने मांडली, त्यात क्रिकॉइडचा दाब बसला, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तो गुरूकडून शिष्याकडे देत आलो.

आता जोराबद्दल, कारण माझ्या मते निम्मी भांडणं इथेच मिटतील. एके काळी ४४ न्यूटन असा आकडा सांगितला जायचा. पुढे अभ्यासांतून कळलं की एवढ्याची गरज नाही. १९९९ पासून रूढ झालेला सल्ला असा की पेशंट जागा असताना १० न्यूटन, शुद्ध गेल्यावर ३० न्यूटन. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचं वजन, ३० म्हणजे तीन किलोचं. जागेपणी याहून बराच जास्त जोर दिला तर माणसाला उलटीचे उमाळे येतात, गुदमरल्यासारखं होतं. म्हणजे जे टाळायचंय तेच आपण ओढवून घेतो. ज्या पेशंटला बोटं आठवतात त्याला हा सुरुवातीचा हलका दाब आठवत असतो.

तीन किलो म्हणजे किती, हे बोटांना कसं कळणार? वजनकाट्यावर दाबून शिकता येतं. आमच्याकडे दुसरी एक साधी युक्ती आहे. ५० मिलीची प्लास्टिकची सिरिंज घ्यायची, दट्ट्या ५० च्या खुणेवर ठेवायचा, टोक घट्ट बंद करायचं आणि दट्ट्या दाबायचा. आतली हवा आकसत जाते आणि तितक्याच जोराने उलट रेटत राहते. दट्ट्या ३३-३४ च्या खुणेपाशी आला की तुमच्या हाताने साधारण ३० न्यूटन जोर लावलेला असतो. एका ट्रेनिंगमध्ये मी सगळ्यांच्या हातात सिरिंज दिली आणि आकडे झाकून "नेहमी दाबता तसं दाबा" म्हटलं. एकजण ४२ वर थांबला, म्हणजे दाब नसल्यातच जमा. वीस वर्षं ओटीत काढलेल्या एका सिस्टरनी दट्ट्या थेट २६ च्या खाली नेला. दोघांनाही आपण बरोबर करतोय याची खात्री होती. चूक त्यांची नव्हती. त्यांना कुणी कधी मोजायलाच दिलं नव्हतं. औषधाचा डोस अंदाजे देत नाहीत हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. हा दाबही डोसच आहे, फक्त तो बोटांतून दिला जातो. आणि तीन किलो दोन-तीन मिनिटं धरून ठेवायचे म्हटले तर हात थकतो, जोर नकळत कमी होतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

जास्त किंवा वाकड्या दाबाने काय होतं ते आता पाहू. ट्यूब टाकताना भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्याशी उभा असतो. डाव्या हातातल्या लॅरिंगोस्कोपने जीभ बाजूला सारून, उचलून, तो घशात खोल पाहतो. दिसायला हवी ती पांढुरक्या स्वरतंतूंची उलट्या व्हीसारखी कमान आणि मधली काळी फट. ती फट म्हणजे श्वासनलिकेचं दार. दिसणाऱ्या चित्राला चार श्रेणी आहेत. पहिलीत पूर्ण दार दिसतं, दुसरीत त्याचा काही भाग, तिसरीत नुसतं वरचं झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, आणि चौथीत तेही नाही. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत ट्यूब सहसा सहज जाते. तिसरी-चौथी आली की छातीत धडधडतं, कितीही अनुभव असला तरी.

क्रिकॉइडवर दाब आला की सगळं स्वरयंत्र मागे ढकललं जातं. कधी ते नजरेच्या रेषेत येतं आणि चित्र सुधारतं, कधी रेषेबाहेर जातं. जोर वाढत गेला तर बिघडण्याची शक्यताही वाढते. मदतनीस एका बाजूला उभा असतो, त्यामुळे दाब सरळ मागे न जाता नकळत त्याच्याकडे ओढला जातो आणि दार मधोमध राहत नाही. मागे वाकवून ठेवलेली मान पुढून रेटल्यामुळे सरळ होते. लॅरिंगोस्कोपची मूठ मदतनिसाच्या मनगटावर आपटते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दार स्वच्छ दिसतं, ट्यूब स्वरतंतूंमधून जाते आणि पुढे अडकते. कारण ती अखंड, कडक अंगठी तितकी कडक नसतेच. बेशुद्ध पेशंटमध्ये दुर्बिणीने आत पाहून केलेल्या अभ्यासांत दिसलंय की जोर वाढवला की अंगठी चपटी होते, काहींमध्ये स्वरतंतू एकमेकांजवळ येतात आणि हवेची वाट अरुंद होते, ४४ न्यूटनला तर फारच. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. लहान बाळांची कूर्चा इतकी मऊ असते की तिथे अगदी थोड्या जोरानेही श्वासाची वाट आकसते. मास्कने श्वास देतानाही हेच. पिशवी दाबावी तर हवा जातच नाही.

मी शिकत असतानाचा एक प्रसंग विसरता येत नाही. रात्रीची वेळ, आतडं अडकलेला पेशंट, पोट टम्म फुगलेलं. औषधं दिली, सिस्टरनी क्रिकॉइड धरला, मी लॅरिंगोस्कोप घातला तर नुसतं झाकण दिसतंय. मी आणखी उचललं. सिस्टरना वाटलं मी धडपडतेय, म्हणून मदतीला त्यांनी आणखी जोर लावला. मॉनिटरचा सूर उतरायला लागला, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन घसरत होता. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या सरांनी शांतपणे म्हटलं, "सिस्टर, थोडं सैल करा." बोटं सैल झाली आणि माझ्या डोळ्यांसमोर, अक्षरशः पडदा वर जावा तशी, ती काळी फट खाली उतरून आली. ट्यूब गेली. पोटातलं काही वर आलं नाही. नंतर सर मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू त्यांना काय दिसतंय ते सांगितलंच नाहीस." दाबणाऱ्याला आत काय दिसतंय ते कळत नाही आणि पाहणाऱ्याला बोटांत किती जोर आहे ते कळत नाही. दोघांनी बोललंच पाहिजे.

पण एका रात्रीवरून नियम करता येत नाही. मोजून पाहिलेलं काय सांगतं? २००५ साली कॅनडातल्या तुर्जों आणि सहकाऱ्यांनी ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आलेल्या ७०० पेशंटवर चाचणी केली. निम्म्यांवर शिकलेल्या हाताने ३० न्यूटनचा दाब, निम्म्यांवर दाबल्याचा नुसता देखावा, आणि ट्यूब टाकणाऱ्याला यातलं काय चाललंय ते कळणार नाही अशी व्यवस्था. तीस सेकंदांत ट्यूब न जाण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. वेळेतला फरक सेकंदभराचा. म्हणजे योग्य जागी, योग्य जोराने, सराव असलेल्या माणसाने दाबलं तर ट्यूब टाकणं फारसं अवघड होत नाही.

मग २०१९ मध्ये फ्रान्समधल्या दहा केंद्रांवरची आयरिस नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. यात पोट भरलेलं असण्याचा धोका असलेले ३,४७२ पेशंट होते. खरा दाब दिलेल्या गटात १० जणांच्या फुप्फुसात पोटातलं गेलं, देखावा केलेल्या गटात ९ जणांच्या. दोन्हीकडे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ट्यूब टाकण्याच्या अडचणीत मात्र फरक दिसला. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचं वाईट चित्र दाब असताना १० टक्के पेशंटमध्ये होतं, दाब नसताना ५ टक्क्यांत. ट्यूब टाकायला तीस सेकंदांहून जास्त लागण्याचं प्रमाण ४७ टक्के विरुद्ध ४०. न्यूमोनिया किंवा मृत्यू यांत फरक नव्हता.

हे आकडे वाचून अनेकांनी "चला, निकाल लागला, दाबणं बंद" असं म्हटलं. इतकं सरळ ते नाही. दाब न देणं हे दाब देण्याहून वाईट नाही, हे सिद्ध करायला ही चाचणी निघाली होती. फार तर दीडपट धोका चालेल, अशी मर्यादा संशोधकांनी आधीच आखून घेतली होती. पण अशा घटनाच इतक्या थोड्या घडल्या की हिशेबातून दुप्पट धोक्याची शक्यतासुद्धा नाकारता आली नाही. दहा विरुद्ध नऊ यावरून काहीच ठाम म्हणता येत नाही, ना दाबाच्या बाजूने ना विरुद्ध. शिवाय गरोदर बायका या चाचणीत नव्हत्या. फुप्फुसात पोटातलं जाणं ही मुळात विरळा घटना आहे. १९९३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने दोन लाखांहून जास्त भुलींचा हिशेब मांडला, त्यात ३,२१६ भुलींमागे एक असं प्रमाण आलं, तातडीच्या ऑपरेशनमध्ये ८९५ मागे एक. विरळा घटनेवर उपाय चालतो की नाही हे दाखवायला प्रचंड संख्येने पेशंट लागतात. त्याच वेळी, विरळा आहे म्हणून सोडूनही देता येत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभर देशभरातल्या श्वासमार्गाच्या गंभीर घटना गोळा करून २०११ मध्ये अहवाल निघाला. त्यात भुलेच्या वेळी श्वासमार्गाच्या घोटाळ्यांतून झालेल्या मृत्यूंमागचं सर्वांत मोठं कारण हेच निघालं, पोटातलं फुप्फुसात जाणं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आमची गत आहे.

दाबाने खरोखर वाट बंद होते का, यावरही एक रंगतदार वाद झाला. २००३ साली एमआरआय काढून पाहिलं तर निम्म्याहून जास्त लोकांत अन्ननलिका अंगठीच्या बरोबर मागे नसतेच, जरा बाजूला असते, आणि दाबल्यावर तर आणखी बाजूला सरकते. मग चिमटतं कोण? २००९ मध्ये राइस आणि सहकाऱ्यांनी पुन्हा एमआरआय केले आणि म्हटलं, तुम्ही चुकीची नळी पाहताय. अंगठीच्या मागे असतो तो घशाचा तळ, अन्ननलिका त्याच्या खाली सुरू होते. तो तळ अंगठीला जोडल्यासारखा तिच्याबरोबरच हलतो आणि दाबल्यावर मिटतो. पुढे आणखी एका अभ्यासात भूल दिलेल्या पेशंटमध्ये दाब चालू असताना अन्ननलिकेत बारीक नळी सारून पाहिली. दाब असेतो एकातही ती गेली नाही, दाब काढल्यावर सगळ्यांत गेली. मला हा पुरावा वजनदार वाटतो. दाबाने वाट मिटते. पण याच्या जोडीला आणखी एक गोष्ट माहीत झालीय. घसा वरून दाबला की जठराच्या तोंडाचा आवळ आपोआप ढिला होतो. वरचं दार लावायला जावं तर खालचं किलकिलं होतं. शरीराची ही प्रतिक्रिया सेलिक यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं.

मग मी काय करते? पोट भरलेलं असण्याचा खरा धोका असेल तर मी अजूनही क्रिकॉइड धरायला सांगते, पण सिरिंजवर सराव केलेल्या हाताला. दार नीट दिसलं नाही तर सगळ्यात आधी बोटं सैल करायला सांगते, गरज पडली तर पूर्ण काढायला, हातात सक्शन, म्हणजे घशातलं ओढून घ्यायची नळी, तयार ठेवून. डोक्याकडची बाजू उंच ठेवते, म्हणजे पोटातलं वाहत यायला चढ लागतो. माझे काही सहकारी दाब देतच नाहीत. स्कँडिनेव्हियातल्या देशांच्या भूलतज्ज्ञांनीही तो सक्तीचा न ठेवता डॉक्टरच्या निर्णयावर सोडलाय. त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. मला चुकीचं वाटतं ते एकच, ट्यूब जात नसताना, ऑक्सिजन उतरत असताना, केवळ नियम आहे म्हणून दाब धरून ठेवणं. ऑक्सिजनशिवाय मेंदू काही मिनिटंच टिकतो. पोटातलं वर येईल ही शक्यता असते, ऑक्सिजन उतरतोय हे समोर घडत असतं. ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितलंय की अडचण आली तर दाब कमी करा किंवा काढा.

ट्यूब जमलीच नाही तर घशात बसवायचा एक मास्क असतो, स्वरयंत्राच्या वर बसणारा. त्याचं टोक नेमकं क्रिकॉइडच्या मागच्या त्या तळात जाऊन बसतं, जो आपण दाबून मिटवलेला असतो. म्हणून तो घालताना बोटं काढावीच लागतात. घाईत हे विसरलं जातं आणि मास्क बसत नाही म्हणून तिसरंच काहीतरी शोधलं जातं. पेशंटला जोरदार उलटी होत असेल तर दाब अजिबात नको. वाट बंद करून खालून जोर आला तर अन्ननलिका फाटू शकते, आणि तसं घडल्याची नोंद आहे. अशा वेळी बोटं काढायची, मान एका बाजूला वळवून डोकं खाली करायचं, घसा साफ करायचा. हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवतानाही नेहमीसाठी हा दाब देऊ नये, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० पासून म्हटलंय. तिथे श्वास आत जाणं सगळ्यात मोलाचं.

आणखी एक गोंधळ दूर करायला हवा. ट्यूब टाकणारा कधी "वरून जरा दाबा" म्हणतो, तेव्हा त्याला बऱ्याचदा क्रिकॉइड नको असतो. त्याला वरची कंठमण्याची कूर्चा मागे, वर आणि पेशंटच्या उजवीकडे हवी असते, दार नजरेत आणण्यासाठी. एका दाबाचं काम पोटातलं अडवणं, दुसऱ्याचं चित्र सुधारणं. जागा वेगळी, दिशा वेगळी. नवीन मदतनीस दोन्हींची सरमिसळ करतात आणि धड एकही होत नाही.

सगळ्यात नाजूक जागा सिझेरियनची. पूर्ण भूल द्यावी लागली तर दोन्ही बाजूंनी कोंडी. गर्भामुळे पोटावर दाब, आवळ ढिला, म्हणून पोटातलं वर यायची भीती. घशाला सूज, स्तन भरलेले, म्हणून ट्यूब अवघड. गरोदर बायकांना दिलेल्या पूर्ण भुलींत साधारण ३९० मागे एकीला ट्यूब जात नाही, असा हिशेब आहे. आईचा ऑक्सिजनही भराभर उतरतो. कमरेतून इंजेक्शन देऊन, म्हणजे पूर्ण भूल टाळून, सिझेरियन करण्याकडे आमचा कल असतो, त्याची मोठी कारणं हीच.

तुमच्या हातात काय आहे, असं पेशंट विचारतात. खूप आहे. शेवटचं काय आणि कधी खाल्लं, हे खरं सांगा, चहाचा घोटसुद्धा. आडवं झाल्यावर घशाशी आंबट येतं का, जुना मधुमेह आहे का, वजन कमी करायची किंवा साखरेची आठवड्याची इंजेक्शनं चालू आहेत का, तेही सांगा. त्या इंजेक्शनांनी जठर उशिरा रिकामं होतं. याआधी कधी ट्यूब टाकायला त्रास झाला असं कुणी डॉक्टर म्हणाले असतील तर तो कागद आणा. हल्ली सोनोग्राफीने जठर भरलंय की रिकामं ते आम्ही झोपवण्याआधी पाहू शकतो, पण कधी पाहायचं हे तुमच्या सांगण्यावरूनच ठरतं.

आणि गळ्यावर बोटं ठेवायची असतील तर मी ते आधीच सांगते. "आता सिस्टर गळ्यावर हलकी बोटं ठेवतील, श्वास घेता येईल, घाबरू नका." मग औषध जातं, डोळे मिटतात, बोटांतला जोर एकाचा तीन किलो होतो. ट्यूब आत जाते, फुगा फुगतो. पडद्यावर श्वासासोबत बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची एक लहर उमटते, मग दुसरी, मग तिसरी. ट्यूब फुप्फुसातच आहे, अन्ननलिकेत नाही, याची ती खूण. तोवर सिस्टरची बोटं हलत नाहीत. त्या माझ्या तोंडाकडे पाहत असतात. मी म्हणते, "सोडा."